ओझानाम अजून संत का नाही?

आम्हा मित्रांत वाद पेटला तो नेल्सनच्या एका वाक्यावरून. "फ्रेडरिक ओझानाम पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात प्राध्यापक, बायको-मुलगी असलेला संसारी माणूस. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते गरिबांना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीमुळे. पुस्तकं लिहिली नसती तरी चाललं असतं."

वसईत ओझानाम म्हटलं की सोसायटीच आठवते, पण शर्लिन उसळलीच. "अरे, ती सोसायटी निघाली कुठून? पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या इतिहासावरच्या वादविवादातून! समोरचे म्हणाले, तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल, आज गरिबांसाठी काय करता? ओझानाम आणि त्याच्या मित्रांची बोलती बंद. मग २३ एप्रिल १८३३ ला, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, बायी नावाच्या संपादकाच्या कचेरीत पहिली बैठक झाली."

"आणि अध्यक्ष बायीच झाला, हेही सांग," सुनीलने टाचणी लावली.

झाला, पण कामाची रीत बघण्यासारखी आहे. मुफ्तार या गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रॉंद्यू यांनी गरिबांची घरं दाखवून दिली. सदस्यांनी स्वतः त्या घरी जायचं, तेही जोडीने. हातावर रोकड न ठेवता पाव-सरपणाच्या चिठ्ठ्या द्यायच्या. बैठकीच्या शेवटी थैली फिरायची. कोणी किती टाकलं ते शेजारच्यालाही कळायचं नाही, त्यामुळे कफल्लक विद्यार्थ्यालाही मान खाली घालावी लागत नसे. घोडं अडलं ते संख्येवर. सदस्य शंभरापलीकडे गेल्यावर ओझानाम म्हणाला, शाखा पाडा. मित्रांची ताटातूट होईल म्हणून कडाक्याचं भांडण झालं, पण १८३५ मध्ये शाखा पडल्याच. त्या पडल्या नसत्या तर सोसायटी पॅरिसबाहेर गेली असती का, शंकाच आहे.

"म्हणजे माझंच खरं ठरलं," नेल्सन म्हणाला.

"थांब जरा," शर्लिन म्हणाली. "१८३६ ला कायद्याची डॉक्टरेट, १८३९ ला दान्ते या इटालियन कवीवर प्रबंध, पुढच्या वर्षी अध्यापकांच्या राष्ट्रीय स्पर्धा परीक्षेत पहिला. नंतर आयुष्यभर अभ्यास कसला? रोम पडल्यावर चर्च रानटी टोळ्यांकडे कसं वळलं, याचा. आणि फेब्रुवारी १८४८ मध्ये, क्रांतीच्या तोंडावर, हाच माणूस लिहितो की आता आपण रानटी लोकांच्या बाजूला जाऊ या. रानटी म्हणजे कोण, तर कामगार. हे वाक्य पाचव्या शतकाचा अभ्यास नसता तर सुचलंच नसतं. घरोघर फिरून त्याने कामगारांचे हाल पाहिले, पण त्याचा अर्थ लावला तो ग्रंथालयात बसून."

यावर नेल्सनकडे उत्तर नव्हतं. सुनीलकडे होतं: त्याच वर्षी ओझानाम निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. (विद्वानांची ही खोड जुनीच.)

मग गाडी वळली संतपदाकडे. "हुशारीला तिथे मार्क नाहीत," सुनील म्हणाला, "उलट त्रासच. उमेदवाराचं छापील लिखाण ईशज्ञानाचे जाणकार तपासतात, श्रद्धेविरुद्ध काही आहे का ते बघायला. जितकी पुस्तकं, तितकं काम." ओझानाम १८५३ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला. संतपदाचं प्रकरण सुरू झालं १९२५ ला, 'पूजनीय' (धन्यच्या आधीची पायरी) ठरला १९९३ ला. धन्य होण्यासाठी जो चमत्कार धरला तो १९२६ चा: ब्राझीलमधलं दीड वर्षाचं बाळ घटसर्पातून वाचलं. रक्तसाक्ष्याला, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्याला, धन्य होताना चमत्काराची अट नसते. ओझानाम रक्तसाक्षी नाही. संतपदासाठी आता दुसरा हवा, तोही धन्य घोषित झाल्यानंतर घडलेला.

"इतकी भक्ती आहे, तरी मिळत नाही?" नेल्सन.

"भक्ती कुठे आहे? तो वारला ८ सप्टेंबरला, म्हणजे मारियामातेच्या जन्मदिनी. म्हणून त्याचा सण ९ ला ढकललाय. बांद्र्याच्या माउंट मेरीच्या धामधुमीत त्याच्याकडे बघतो कोण?" शर्लिन म्हणाली. "आणि खरी अडचण पुढेच आहे. आजारी माणसासाठी घरचे एकाच वेळी संत अंतोनीला, वेलंकणी मातेला, सगळ्यांना साकडं घालतात. बरं वाटलं तर श्रेय कोणाला द्यायचं? तपास तिथेच अडकतो. मध्यस्थी त्याच्याकडेच मागितली होती हे साक्षीदारांनी सांगावं लागतं. आजार गंभीर होता, बरं होणं झटपट, पूर्ण आणि टिकाऊ होतं, औषधाने त्याचा उलगडा होत नाही, हे डॉक्टरांच्या मंडळाला पटावं लागतं. त्यासाठी आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट लागतात."

"आपल्याकडे तर डिस्चार्ज कार्डसुद्धा सापडत नाही," सुनील म्हणाला.