'ट्रॅप्ड इन द स्काय' पुन्हा पाहताना : खेळण्याएवढ्या विमानाला वजन कुठून आलं?

'थंडरबर्ड्‌स' या ब्रिटिश बाहुली-मालिकेचा पहिला भाग, 'ट्रॅप्ड इन द स्काय', पुन्हा पाहणार असाल तर शेवटचा विमान उतरवण्याचा प्रसंग दोनदा पाहा. एकदा गोष्टीसाठी आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. बॅरी ग्रे यांचं संगीत काढून घेतलं तरी त्या प्रसंगात छातीवर दडपण येतं, कारण पडद्यावरचं विमान जड वाटतं. माझ्या मते या मालिकेची खरी कमाई ते वजन आहे. बाहुल्यांचं कौतुक पुष्कळ होतं, वजनाचं मात्र फारसं कोणी बोलत नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 30 सप्टेंबर 1965 रोजी हा भाग पहिल्यांदा दाखवला गेला. लेखन गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांचं, दिग्दर्शन अ‍ॅलन पॅटिलो यांचं, स्पेशल इफेक्ट डेरेक मेडिंग्ज यांचे. फायरफ्लॅश नावाचं अणुशक्तीवर उडणारं प्रवासी विमान लंडनहून टोकियोला पहिल्या उड्डाणावर निघतं. हूड नावाच्या खलनायकाने त्याच्या चाकांच्या यंत्रणेत बॉम्ब दडवलेला असतो. चाकं टेकली की स्फोट. वरच राहावं तर अणुभट्टीपासून प्रवाशांना वाचवणाऱ्या कवचाची मुदत संपत चाललेली. म्हणजे उतरता येत नाही आणि थांबताही येत नाही. कॉन्कॉर्डसाठी ब्रिटन-फ्रान्स करार 1962 चा आणि त्याचं पहिलं उड्डाण 1969 चं. हा भाग बरोबर त्या मधल्या काळात बनला. अतिवेगवान प्रवासी विमान तेव्हा रोजच्या वर्तमानपत्राचा विषय होता, हे ध्यानात ठेवून पाहिलं की फायरफ्लॅश जास्त खरं वाटतं.

मालिकेच्या कल्पनेचं मूळ एका खऱ्या दुर्घटनेत आहे. ऑक्टोबर 1963 मध्ये पश्चिम जर्मनीतल्या लेंगेडे इथल्या लोखंडाच्या खाणीत पाणी घुसलं. शेवटच्या 11 कामगारांना दोन आठवड्यांनी, छिद्र पाडून त्यातून सोडलेल्या अरुंद कुपीतून वर काढलं. अशा वेळी अवजड यंत्र दुरून आणण्यातच मोलाचा वेळ जातो. ते आधीच तयार असेल आणि झटकन पोचेल तर? गेरी अँडरसन यांना सुचलेली इंटरनॅशनल रेस्क्यू ही मालिकेतली संस्था म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. म्हणून इथे नायकाचं शौर्य मुठीत नसतं. योग्य अवजार योग्य जागी वेळेत पोचवणं, हेच शौर्य.

पटकथेत हे फार चोख उतरलंय. पहिला प्रयत्न हवेतच होतो: दुसऱ्या विमानातून एक माणूस खाली सोडतात, तो तपासणीच्या झडपेतून आत शिरतो, पण बॉम्बपर्यंत पोचायच्या आत खाली पडतो. त्यानंतर थंडरबर्ड 2 या संस्थेच्या अवजड मालवाहू विमानातून एलेव्हेटर कार उतरतात. धावपट्टीवर विमानाच्या खाली, विमानाच्याच वेगाने धावायचं आणि त्याला पाठीवर झेलायचं, हे त्यांचं काम. नाकाखाली मुख्य गाडी, ती थंडरबर्ड 2 चा वैमानिक व्हर्जिल ट्रेसी स्वतः चालवतो. दोन पंखांखाली दोन गाड्या, त्या रेडिओवरून चालतात. तिन्हींचा वेग जुळला नाही तर एक पंख खचणार आणि विमान गिरकी घेणार, हे बघणाऱ्याला कोणी न सांगता कळतं. पहिल्या खेपेला एक गाडी बिघडते, भरकटते आणि उभ्या विमानावर जाऊन आदळते. मग राखीव गाडी बोलवायची. राखीव अवजार बरोबर आणलेलं असणं, ही बारीकशी गोष्ट मला फार आवडते.

ती भरकटलेली गाडी मुळात चित्रीकरणातला अपघात होता. मॉडेल ओढणारी तार तुटली, गाडी बाजूला निसटली, आणि तो शॉट इतका खरा वाटला की फेकून न देता कथेतच बसवला. उभ्या विमानावरची टक्कर त्यानंतर जोडली.

आता वजनाकडे. दहा मीटर उंचीवरून वस्तू पडायला सुमारे 1.43 सेकंद लागतात. 1:25 मापाच्या मॉडेलमध्ये तीच उंची 40 सेंटिमीटर होते आणि पडायला 0.29 सेकंद पुरतात. आकार 25 पट लहान झाला, पण वेळ फक्त 5 पट कमी झाला, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणजे 24 ऐवजी सेकंदाला 120 फ्रेम घ्यायच्या आणि 24 नेच दाखवायच्या, की 40 सेंटिमीटरची पडझड दहा मीटरची वाटते. मेडिंग्ज यांची मंडळी मॉडेलचे शॉट असेच, 120 फ्रेमच्या आसपास घेत. याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. एका फ्रेमला मिळणारा उजेड एक पंचमांश होतो, आणि मॉडेल पुढपासून मागपर्यंत स्पष्ट दिसावं म्हणून भिंगाचं छिद्रही बारीक ठेवावं लागतं. मग दिव्यांचा भडिमार आणि भट्टीसारखी उष्णता.

दुसरी अडचण जागेची. समजा विमान ताशी 250 किलोमीटरने उतरतंय. 1:25 च्या मापात आणि पाचपट संथ दाखवायचं, तर मॉडेल प्रत्यक्षात सेकंदाला जवळपास 14 मीटर पळायला हवं. पडद्यावरच्या 10 सेकंदांसाठी 2 सेकंदांचं चित्रण, म्हणजे 28 मीटर लांब सेट, आणि तारेवर तेवढ्या वेगात तीन गाड्या सरळ रेषेत. ते जमणं कठीणच. म्हणून विमान आणि गाड्या जागच्या जागी ठेवून खालची धावपट्टीच फिरवली: दोन रुळांवर (रोलरवर) गोल फिरणारा कापडी पट्टा. मागचं आकाश दुसऱ्या पट्ट्यावर, पण हळू, कारण दूरचं दृश्य हळू सरकतं. हे दोन वेग एकसारखे झाले की सगळा भास संपतो. कॅमेरा जवळ स्थिर राहिल्यामुळे चाकांची थरथर आणि पंखांचं डुलणं दिसतं, आणि तिथेच वजन जाणवतं.

बाहुल्यांच्या बाबतीत उलट झालं. तारेवर लटकलेल्या बाहुलीचा भार पायावर येतच नाही, त्यामुळे चालताना ती तरंगते. तारा वरच्या पुलावरून हलवणारा कितीही तयारीचा असो, यावर इलाज नाही. म्हणून पात्रं सतत कॉकपिटमध्ये नाहीतर टेबलामागे बसलेली असतात, आणि बटण दाबायची वेळ आली की खऱ्या माणसाचा हात दाखवतात. ओठांसाठी डोक्यात सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळाली की चुंबक होणारी तारेची गुंडाळी असे. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, त्यांचा विद्युत संकेत टंगस्टनच्या तारांतून डोक्यात जाई आणि खालचा ओठ हलवी. त्या यंत्राला जागा हवी म्हणून डोकी अंगाच्या मानाने मोठी. 1967 च्या 'कॅप्टन स्कार्लेट' या अँडरसन यांच्याच मालिकेत ते छातीत हलवलं आणि बाहुल्या प्रमाणबद्ध झाल्या. मला तरीही ही मोठी डोकीच जास्त बोलकी वाटतात.

जे खटकतं तेही सांगायला हवं. हूड मलेशियाच्या जंगलातल्या देवळात राहतो, डोळ्यांनी मोहिनी घालतो, आणि त्याचा सावत्र भाऊ किरानो हा इंटरनॅशनल रेस्क्यू चालवणाऱ्या ट्रेसी कुटुंबाचा नोकर. आशियाई माणूस एकतर कपटी नाहीतर सेवक, हा साचा आज बघवत नाही, मुलांना दाखवताना त्यावर बोलावंच लागेल. शिवाय संस्थेची लंडनमधली हस्तक लेडी पेनेलोपी आणि तिचा चालक पार्कर यांनी एम-वन महामार्गावर केलेला हूडचा पाठलाग. सहा चाकी गुलाबी रोल्स-रॉइस देखणी आहे, पण तो प्रसंग सैल पडतो. मूळ 25 मिनिटांचा भाग पाहून मालिकेला पैसा पुरवणारे ल्यू ग्रेड यांनी लांबी 50 मिनिटं करायला लावली होती. काही जागी तो ताण दिसतो.

घरी करून पाहायचं असेल तर हिशोब सोपा आहे. बाजारातली छोटी धातूची गाडी साधारण 1:64 मापाची असते. 64 चं वर्गमूळ 8. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमने घ्या आणि संपादनात 30 फ्रेमच्या टाइमलाइनवर टाका, बरोबर आठपट संथ. पडद्यावर ताशी 60 किलोमीटर हवे असतील तर गाडी सेकंदाला 2 मीटरने ओढा. शूटिंग उन्हात करा. घरातले साधे एलईडी दिवे 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि 240 फ्रेममध्ये ते पट्टे उमटतात. कॅमेरा गाडीच्या चाकांच्या उंचीवर ठेवा. वरून घेतलं की खेळणं दिसतं. धुळीसाठी वाळू नको, तिचा कण या मापात दगडाएवढा दिसतो. चाळलेली मुलतानी माती घ्या. पाणी आणि ज्वाळा टाळा, कारण थेंबाचा आणि ज्योतीचा आकार मॉडेलबरोबर लहान होत नाही.

फिरती धावपट्टी करायची तर कापडाचा जोड आडवा शिवू नका. दर फेरीला तो रुळावर आपटतो आणि गाडी उडते. जोड तिरका घ्या, म्हणजे धक्का पसरतो. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर रुळाच्या मध्यभागी चिकटपट्टीचे चार-पाच वेढे द्या. मधला भाग किंचित फुगला की पट्टा आपोआप मध्ये येतो.