खोल समुद्रात गळ टाकू इच्छिणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सोलापूरच्या माणसाने समुद्राच्या नादी लागावं का, असा प्रश्न काही हलक्या मनाची माणसं विचारतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. आपल्या उजनीची पातळी उन्हाळ्यात उणे टक्क्यांत छापून येते आणि ती वाचून आपण शांतपणे चहा पितो. शून्याच्या खालचं पाणी ज्याने पचवलं, त्याला समुद्राची काय भीती? मालवणच्या माणसाला समुद्र रोज दिसतो, म्हणून त्याचं त्याला काही वाटत नाही. आपल्याला नळसुद्धा चार-पाच दिवसांनी दिसतो.

आधी मित्र शोधा, मासा नंतर. संभाजी तलावाच्या काठावर बसून शेंगा खाण्यापलीकडे ज्याने आयुष्यात जलक्रीडा केलेली नाही, पण मोबाइलवर अंदमानचे व्हिडिओ मात्र पाठ केलेत, असा मित्र उत्तम. त्याचा फोन रात्री साडेअकराला येतो. "जीटी म्हणजे काय माहीत आहे का बे? जायंट ट्रेव्हली! चाळीस चाळीस किलोचा मासा. पाणी फोडून वर येतो आणि आमिष गिळतो. चल की बे!" तुम्ही विचार करून सांगतो म्हणाल. म्हणा. त्याने तोवर दोघांची आगाऊ रक्कम भरलेली असते.

तारखा मात्र त्याच्यावर सोडू नका. त्याला जूनमध्ये सुट्टी असते. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ आणि दर्याही खवळलेला. हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, "आपण कुठं यांत्रिक आहोत?"

आता सामान. रीळ म्हटलं की आपल्या गावात यंत्रमाग आठवतो, पण हे रीळ वेगळं, गळाच्या काठीला लावायचं. त्याच्या किमतीत एखादी जुनी दुचाकी येते, हे घरी सांगायचं नसतं. त्यावर ब्रेडेड लाइन गुंडाळायची, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी. जगाला चादरी पुरवणाऱ्या गावाने दोरीसाठी कुरियरवाल्याची वाट बघायची, यातही एक मजा आहे. रिळाला ड्रॅग नावाचा चाप असतो. मासा फार जोराने ओढू लागला तर दोरी तुटण्याआधी ती थोडी थोडी सुटावी, म्हणून तो असतो. दोरी जेवढ्या वजनाला तुटते, त्याच्या चौथाई-तिहाई ताणावर तो बसवावा, असं जाणते सांगतात. मित्र तो पूर्ण आवळतो. "सोडायचं नाही बे!" हे त्याचं आयुष्यातलं एकमेव तत्त्व, आणि दर वेळी त्यालाच महाग पडलेलं.

सराव गच्चीवर करा. खाली गल्लीत ज्वारीचं पाच किलोचं पोतडं दोरीला बांधून ठेवा आणि वरून ओढा. जिगिंग म्हणतात ते साधारण हेच. धातूचा जड, चकचकीत तुकडा तळाकडे सोडायचा आणि झटके देत वर आणायचा, म्हणजे माशाला वाटतं की हा कुणी घाबरून पळतोय. गल्लीतल्या पोरांनाही तसंच वाटतं. शेजारच्या काकूंनी "काय हरवलं का रे विहिरीत?" असं विचारलं तर विहीर नाही हे त्यांना सांगत बसू नका. त्यांना ते माहीत आहे.

डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी घ्या. बोटीवर केळी नेणं अशुभ, असं जगभरचे गळवाले मानतात. कडक भाकरीबद्दल कुठेही काही म्हटलेलं नाही. सोलापूर मुंबई-चेन्नई मार्गावर असल्यामुळे चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढे विमान. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ साली श्रीविजयपुरम झालं. मित्र ते चेन्नई विमानतळावर प्रथमच ऐकतो आणि आपण चुकीच्या विमानात बसतोय म्हणून अडून बसतो.

बोट लागू नये म्हणूनची गोळी बोटीत चढायच्या आधी घ्यायची असते. मित्र ती "गरज लागली तर" म्हणून खिशात ठेवतो. गरज तासाभरात लागते. आपण "क्षितिजाकडे बघ" म्हणायचं आणि त्याने बोटीच्या कठड्यावरून खाली बघायचं. खलाशी मात्र खूश असतात, कारण पाण्यात अन्न सांडलं की बारके मासे गोळा होतात आणि बारक्यांमागे मोठे. अशा रीतीने मोहिमेतलं पहिलं यशस्वी आमिष शेंगाचटणीचं असतं.

आणि मग मासा लागतो. इथे चेष्टा थोडी बाजूला ठेवतो, कारण तो क्षण खरोखर वेगळा आहे. पॉपर नावाचं तोंडाशी खोलगट लाकडी आमिष पाण्यावर डबक डबक करत येत असतं, आणि अचानक त्या जागी पाण्याचा खड्डा पडतो. रीळ किंचाळतं. काठी वाकते आणि तुमचे गुडघेही. पाच मिनिटांत दंड पेटतात, दहा मिनिटांत कंबर, आणि पंधराव्या मिनिटाला मित्र म्हणतो, "धर की बे जरा!" तुम्ही धरता. झालं, विक्रम बुडाला. विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटना १९३९ पासून आहे, आणि तिचा नियम असा की झुंज चालू असताना दुसऱ्या कुणी काठीला, रिळाला हात लावला की तो मासा बाद. मध्येच शार्कने चावा घेतला तरी बाद. तेव्हा पाऊण तासाने नुसतं डोकं वर आलं, तर रडू नका. नियमाने तो तसाही तुमचा नव्हता.

अख्खा आला, तर ओल्या हातांनी आडवा धरा, झटपट फोटो काढा, तोंड प्रवाहाकडे करून श्वास घेऊ द्या आणि सोडा. हीच या खेळाची रीत. फोटोत हात पुढे ताणायला विसरू नका; मासा दुप्पट दिसतो. संध्याकाळी हॉटेलात त्याच प्राण्याबद्दल हळवं होऊन बोलत सुरमई फ्राय मागवायची. ती ज्याने जाळ्यात पकडली, त्याचा फोटो कुणी काढलेला नसतो. तसा तो उजनीवर पहाटे होडी काढून चिलापी आणणाऱ्याचाही नसतो.

परतल्यावर नवी पेठेत चहा पिताना मित्राला मध्ये मध्ये थांबवू नका. मासा पहिल्या कपाला अठरा किलोचा असतो, तिसऱ्या कपाला तीस. तुम्ही काठी धरली होती, हे तर कधीच गळून गेलेलं असतं.

एक काम मात्र विसरू नका. समुद्राचं खारं पाणी रिळात राहिलं तर ते आतून गंजतं. गोड्या पाण्याने नीट धुऊन, वाळवून ठेवावं लागतं. म्हणून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र दोन्ही रिळं पिशवीत घालून तुमच्या दारात उभा राहील. त्याच्याकडे पाणी परवा येणार असतं. तुमच्याकडेही काल येऊन गेलेलं असतं, तुम्ही रेल्वेत असताना. बायको एकदा रिळांकडे बघते, एकदा अर्ध्या भरलेल्या पिंपाकडे, आणि विचारते, "भावजी, ह्याला किती तांबे लागतात?"