हर्ट्झची गाडी ‘मातीमोल भावात’? एक खुलासा

‘हर्ट्झ ही भाड्याने गाड्या देणारी कंपनी बुडाली, कोर्ट तिच्या गाड्या मातीमोल भावात फुंकतंय, आणि कंपनीच नाही म्हणजे वॉरंटीही नाही’ असा मेसेज अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत फिरतो. यातलं बरंचसं चुकीचं आहे.

हर्ट्झने २२ मे २०२० रोजी कोर्टात अर्ज केला तो अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातल्या चॅप्टर ११ खाली. म्हणजे दुकान बंद नाही, कर्जाची फेरमांडणी. कंपनीचे काउंटर सुरूच राहिले आणि २०२१च्या उन्हाळ्यात ती दिवाळखोरीतून बाहेरही आली.

गाड्या मोठ्या संख्येने विकल्या, हे खरं. पण त्या गाड्यांवर धनकोंचा पैसा अडकलेला. ते फुकटात कशा जाऊ देतील? शिवाय २०२०च्या उन्हाळ्यापासून जुन्या गाड्यांचे भाव चढत गेले. हर्ट्झने विकायला काढलेल्या पिवळ्याधमक कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचे फोटो गाजले, पण त्यातून साधी कोरोला स्वस्त होत नाही.

वॉरंटीचं तर सरळच आहे. ती उत्पादकाची असते, भाड्याने देणाऱ्याची नव्हे, आणि मालक बदलला तरी साधारणपणे गाडीसोबत जाते. फक्त मुदत गाडी पहिल्यांदा वापरात आली त्या दिवसापासून मोजतात आणि मैलांची मर्यादा असते. भाड्याच्या गाडीचे मैल भराभर चढतात, त्यामुळे उरलेली वॉरंटी किती ते आधी विचारा.

घेताना गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे उत्पादकाने करायची दुरुस्ती, बाकी आहे का ते पाहा, फुकट आहे. आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवा, विकणाऱ्याच्या नव्हे.