बिल भरायच्या आधी एकदा मीटरपाशी वाका

गेल्या महिन्यात आमचं पाण्याचं बिल दरवेळच्या जवळजवळ दुप्पट आलं आणि घरात जे सगळ्यांच्या घरात होतं तेच झालं. सासूबाई म्हणाल्या मीटर पळायलाय, मिस्टर म्हणाले सगळी लूट आहे उद्या जाऊन भांडतो, आणि मुलगी म्हणाली आई फोनवरून भरून टाक ना विषय संपव. मी पण आजवर तेच करत आले होते. बिल आलं की खालचा आकडा बघायचा, शेवटची तारीख बघायची, भरायचं आणि फ्रिजवर चुंबकाला लावून ठेवायचं. अठरा वर्षं या घरात आहे, पाणी मी भरते, भांडी मी घासते, कपडे मी धुते, पण बिलाचा कागद पूर्ण वाचला नव्हता हे खरं आहे. कारण इथं बेळगावात तो कन्नडमध्ये असतो आणि आपण मनात धरूनच चालतो की ते आपल्याला कळणार नाही.

तर यावेळी मी बसले. शेजारच्या आक्कांची सून धारवाडची, तिला बोलावलं आणि दोघींनी ओळीनं वाचून काढलं. आणि मला खरंच सांगावंसं वाटतं की त्यात न कळण्यासारखं फार थोडं आहे. ग्राहक म्हणजे ग्राहक, बाकी म्हणजे बाकी, दंड म्हणजे दंड, दिनांक म्हणजे दिनांक. उरलेले शब्द दोन हातांच्या बोटांवर मावतात. हिंदिन म्हणजे मागचं (याचा हिंदीशी काही संबंध नाही, आमच्या मिस्टरांना इतकी वर्षं तसंच वाटत होतं), प्रस्तुत म्हणजे आत्ताचं, बळके म्हणजे वापर, बड्डी म्हणजे व्याज, ओट्टु म्हणजे एकूण, मोत्त म्हणजे रक्कम, आणि ओळचरंडी म्हणजे ड्रेनेज. झालं. हे सात शब्द मी कागदावर लिहून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेत.

आता मीटरचं. मीटरला कुठलीच भाषा नाही, नुसते आकडे आहेत. आमच्या मीटरवर काळे आकडे आहेत ते युनिट, म्हणजे एक युनिट बरोबर एक हजार लिटर, आणि त्यांच्यानंतर लाल आकडे आहेत ते लिटर. बिल फक्त काळ्या आकड्यांवर होतं. आत्ताच्या काळ्या आकड्यातून मागचा काळा आकडा वजा करायचा, तेवढी युनिटं आपण वापरली. आमची नेहमी 13 च्या आसपास असायची, यावेळी 24. पाच माणसांच्या घरात. शहरात ड्रेनेज असेल तर माणशी रोज 135 लिटर असं सरकारी माप धरतात, त्या मापानं पाच माणसांचे महिन्याला साधारण 20 युनिट होतात, आणि आम्ही कपडे आणि अंगण विहिरीच्या पाण्यावर करतो म्हणून आमचं 13 मध्ये भागतं. मग ही 11 युनिटं, म्हणजे अकरा हजार लिटर पाणी, गेलं कुठं?

रात्री अकराला सगळे झोपल्यावर मी टॉर्च घेऊन मीटरपाशी गेले, गुडघ्यावर बसून काचेवरचा चिखल पदराने पुसला आणि फोटो काढला. 412 आणि लाल आकडे 316. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं रात्री कुणी नळ सोडायचा नाही, बाथरूमला गेलात तरी बादलीतलं पाणी वापरा. पहाटे पाचला परत गेले. 412 आणि लाल 406. सहा तासात 90 लिटर! एकही नळ चालू नसताना. तासाला 15, दिवसाला 360, महिन्याला दहा हजार आठशे लिटर. तिथंच पायरीवर बसून मोबाइलवर गुणाकार केला आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण हीच ती अकरा युनिटं होती.

गळती वरच्या बाथरूमच्या फ्लशमध्ये निघाली. आवाज नाही, फरशी ओली नाही, कुणाला कळणारच नाही. ओळखायची पद्धत सोपी आहे, फ्लशच्या टाकीत कपड्यांना घालतो ती नीळ चार थेंब टाकायची आणि अर्धा तास फ्लश ओढायचा नाही. खाली भांड्यात निळं पाणी दिसलं की समजायचं वॉशर गेलाय. आमच्याकडे दहा मिनिटांत निळं झालं. प्लंबर आला, रबरी वॉशर बदलला, मजुरीसकट दोनशे रुपयांच्या आत काम झालं. ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी नाही त्यांचा मीटर रात्री हलणारच नाही, त्यांनी सिंटेक्सच्या टाकीत रात्री पाण्याच्या पातळीला खूण करायची आणि सकाळी बघायचं.

म्हणजे आमच्या बाबतीत मीटर बरोबर होता आणि आम्ही चूक होतो. पण म्हणून पाण्याच्या ऑफिसचं नेहमी बरोबरच असतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट पुढची गोष्ट वाचा.

हे सगळं गल्लीत कळल्यावर मागच्या आळीतल्या एक मावशी त्यांचं बिल घेऊन आल्या. नवराबायको दोघंच, मुलगा पुण्याला. आणि बिल 57 युनिटचं! दोन म्हातारी माणसं महिन्यात सत्तावन्न हजार लिटर पाणी कशाला वापरतील हो? त्या बिचाऱ्या पेन्शनमधून भरायच्या तयारीत होत्या, म्हणे सरकारी कागद आहे, भरला नाही तर नळ तोडतील. मागचं रीडिंग 531, आत्ताचं 588 छापलेलं. आम्ही जाऊन मीटर बघितला तर बिलाच्या तारखेनंतर बारा दिवसांनी तो 541 वर उभा होता. म्हणजे बिलात जो आकडा आलाय तिथंपर्यंत मीटर अजून पोचलेलाच नाही. रीडिंग घेणाऱ्यानं 538 चं 588 केलेलं असणार, धूळ बसलेल्या काचेत 3 आणि 8 सारखेच दिसतात. खरा वापर 7 युनिट.

अर्ज मीच लिहिला, मराठीत. मावशींना भीती की मराठीत लिहिलं तर घेणार नाहीत. घ्यायलाच लागतो. राज्यघटनेच्या 350 व्या कलमात स्पष्ट आहे की तक्रारीचा अर्ज त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, आणि बेळगावात मराठी वापरात नाही असं कोण म्हणेल? अर्जाला मीटरचा तारखेसकट फोटो, बिलाची झेरॉक्स, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. काउंटरवरचे क्लार्क कन्नड बोलणारे, पण फोटो बघितल्या बघितल्या म्हणाले, "हे चुकलंय की ओ बाई, बरं केलासा फोटो आणलासा." पुढच्या बिलात दुरुस्त होऊन आलं. एक सांगते, तिथं आवाज चढवायची वेळच आली नाही, कारण हातात आकडा होता. मिस्टर गेले असते तर नुसतं भांडण झालं असतं.

बिल कन्नडबरोबर मराठीतही असलं पाहिजे ही माझी मागणी आहे आणि ती मी सोडणार नाही. 1956 च्या केंद्र सरकारच्या मेमोरेंडममध्येच आहे की ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही निघावेत. पाण्याचं बिल हा घरातल्या बाईच्या हातात येणारा कागद, याच्यापेक्षा महत्त्वाची सूचना कुठली? पण ते होईपर्यंत न वाचता भरत बसायचं हे मला पटत नाही. मागणी करायची ती करूच, तोवर सात शब्द पाठ करायला काय हरकत आहे.

अजून एक गोष्ट मला फार लागते. आपल्या जुन्या घरांत तीन भाऊ, तीन चुली आणि नळाचं कनेक्शन एकच, वडिलांच्या नावावर. पाण्याचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो, पहिल्या युनिटांना कमी, पुढच्यांना जास्त. हिशोबासाठी समजा पहिल्या 8 युनिटला 10 रुपये, पुढच्या 8 ला 15 आणि त्यापुढं 20. तीन चुली, प्रत्येकीचा वापर 8. वेगळी कनेक्शन असती तर प्रत्येकी 80, म्हणजे तिघांचे मिळून 240. एकाच कनेक्शनवर 24 युनिट, तर 80 अधिक 120 अधिक 160, म्हणजे 360. पाणी तेवढंच, माणसं तीच, आणि काटकसरीनं राहणारं घर उधळ्या घराच्या टप्प्यात जाऊन बसतं. वरून भावाभावांत कुरबुर, तुझ्या बायकोनं गाडी धुतली, तुझ्या भाडेकरूनं पाणी सोडलं. जमत असेल त्यांनी कनेक्शन वेगळं करून घ्या, नसेल जमत तर निदान दर चुलीला आत एक साधा मीटर बसवा, भांडणं थांबतील. आणि धोरण ठरवणाऱ्यांनी एका कनेक्शनवर किती कुटुंबं आहेत हे विचारूनच टप्पे लावावेत असं मला मनापासून वाटतं.

दार बंद होतं म्हणून दोन तीन महिने अॅव्हरेज बिल आलं आणि नंतर खरं रीडिंग घेऊन सगळी युनिटं एकाच महिन्यात टाकली, असं झालं असेल तर तेही तपासा. ती युनिटं महिन्यांमध्ये वाटून मगच टप्पे लागले पाहिजेत, तसा अर्ज करा. माझ्या माहेरी आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं पाण्याच्या आधी नळातून हवा फुस्सकन येते आणि तेव्हा मीटर फिरतो, वहिनीनं त्याचा व्हिडिओ काढून ठेवलाय. असा पुरावा जवळ ठेवा.

पाणी फुकट मिळावं असं माझं म्हणणं नाही. राकसकोपचा जलाशय 1962 चा, मार्कंडेय नदीवरचा, माझ्या सासऱ्यांच्या पिढीनं ते पाणी नळाला आलेलं बघितलं. आता शहर केवढं वाढलं, उरलेलं पाणी हुक्केरी तालुक्यातल्या हिडकल धरणातून पंपानं उचलून इथवर आणतात. त्याला वीज लागते, माणसं लागतात. दर पावसाळ्यात राकसकोप 2475 फुटाला कधी पोचतो, म्हणजे पूर्ण कधी भरतो, हे आपण पेपरात उत्सुकतेनं वाचतो, आणि आमच्या फ्लशमधून त्यातलेच अकरा हजार लिटर महिन्यात गटारात गेले. मला बिलाच्या पैशांपेक्षा त्याचं वाईट जास्त वाटलं. आपल्याकडे 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत खास विहीर खणली होती, काँग्रेस विहीर, ती आजही आहे. त्या गावातली आपण माणसं.

आता मी दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढते, तारीख वेळ फोटोत आपोआप येते. बिल आलं की आधी फोटोशी जुळवते, मग भरते. मुलीलाही वाचायला शिकवलं, तिला आता लाल आकडे न बघता सांगता येतं किती युनिट झाली.

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच आहे. गल्लीतल्या ज्यांना बिल कळत नाही त्यांनी बिल आणि मीटरचा फोटो घेऊन या, आक्कांची सून पण येणार आहे. ज्यांना फोटो काढता येत नाही त्यांनी नुसतं सांगा, मी टॉर्च घेऊन येते.