वजाबाकी आईच्याच पगारातून का?

बाळंतपणानंतर नोकरीवर परतण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय, आईच्या पगारातून पाळणाघराचा खर्च वजा करा, काही उरलं तरच नोकरीवर परत जा. मूल दोघांचं, मग खर्च एकटीच्या पगारातून का? शिवाय पीएफ, ग्रॅच्युइटीसाठी मोजली जाणारी सलग नोकरीची वर्षं, बढती यातलं काहीच त्या वजाबाकीत येत नाही.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, राहायला विश्रामबागला. फी नंतर, आधी बंद होण्याची वेळ विचारा. पाळणाघर सहाला बंद, आणि मार्चअखेरीला अकाउंट्सवाली सहाला सुटते का कधी! घरी येणाऱ्या मावशी सोयीच्या, पण त्यांच्या गावची जत्रा आली की आपली रजा गेलीच. आजी आहेत म्हणून फुकट, असंही धरू नका. त्यांचे गुडघे कोण मोजणार?

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना माहीत असते. पण मातृत्व लाभ कायद्याच्या त्याच २०१७ च्या दुरुस्तीत ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. ही सोय सामाईकही चालते, म्हणजे एमआयडीसीतल्या दोन-चार कंपन्या मिळून करू शकतात. रुजू होण्याआधी एचआरला लेखी विचारा, तोंडी नको.