240झेडमध्ये धुराचा वास "येणारच"? का म्हणून?

डॅटसन 240झेड या जुन्या जपानी स्पोर्ट्स कारबद्दल एक मेसेज फिरतोय, अमेरिकेतल्या आपल्या गाडीवेड्या मंडळींनी तर तो एकमेकांना इतक्यांदा पाठवलाय की आता लोकांना तो नियमच वाटायला लागलाय. म्हणणं असं: पन्नास वर्षं जुनी गाडी, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा सायलेन्सरच्या पाइपातला डबा) नाही, मग आत धुराचा वास येणारच, काचा खाली करा, कार्बोरेटर जरा लीन करा (म्हणजे हवेत पेट्रोल कमी मिसळू द्या), आणि वास कमी झाला, डोकं दुखत नसलं की काळजी सोडा.

"कन्व्हर्टर नाही म्हणून येणारच." अर्धं खरं. अमेरिकेत कन्व्हर्टर सर्रास आले ते 1975 च्या मॉडेलपासून, आणि 240झेड 1973 लाच संपली, त्यामुळे सायलेन्सरच्या तोंडाशी वास आजच्या गाडीपेक्षा उग्र असणार हे मान्य. पण तो बाहेर! आत यायला त्याला वाट लागते, आणि ती वाट कोणीतरी कुजू दिलेली असते.

"काचा खाली करा." हा सल्ला तर सगळ्यात वाईट. या गाडीची मागची बाजू अशी आहे की चालताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, धूर सरळ मागे निघून न जाता तिथेच गिरक्या घेत राहतो, आणि तुम्ही काच उघडली की केबिनमधली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा भरायला मागच्या फटींतून तोच धूर आत येतो. म्हणून बऱ्याच 240झेडमध्ये काचा उघड्या असताना वास जास्त येतो, बंद असताना कमी. उलटं करून बघा. मोकळ्या रस्त्यावर काचा बंद, बाहेरची हवा घेणारा ब्लोअर चालू. वास कमी झाला तर तो मागून येतोय. वाढला तर इंजिनकडून, कारण ब्लोअरची हवा विंडशील्डच्या खालच्या जाळीतून येते आणि बॉनेटखाली जे काही गळतंय ते तिथूनच आत ओढलं जातं.

मागून असेल तर आधी टेललाइटचे गास्केट बघा, त्यातला फोम हातात घेतला की भुगा होतो. मग हॅचचं (मागच्या वर उघडणाऱ्या दाराचं) रबर: कागदाची पट्टी ठेवून हॅच लावायचं आणि पट्टी ओढायची, सहज सुटली तर तिथे रबर बसतच नाहीये. मग वायरी जिथून जातात त्या भोकांतली रबरी ग्रोमेट, स्पेअर व्हीलच्या खळग्यातलं बूच, आणि सुरुवातीच्या गाड्यांना हॅचवरच व्हेंट (हवेच्या जाळ्या) होते (पुढे ते मागच्या खांबावर नेले) तेही. रात्री आत टॉर्च लावून बाहेरून बघितलं की अर्ध्या फटी आपोआप दिसतात. काही जण उदबत्ती फिरवून फटी शोधायला सांगतात, कृपा करून ते करू नका, याच गाडीच्या मागच्या कोपऱ्यात पेट्रोलच्या वाफेचे जुने रबरी पाइप असतात आणि ते तडकतात. बऱ्याचदा लोक ज्याला धुराचा वास म्हणतात तो कच्च्या पेट्रोलचाच असतो, गाडी बंद असतानाही येतो, हीच त्याची खूण. आणि हौसेने लावलेला सायलेन्सर बॉडीच्या आतच संपत असेल तर गास्केट बदलून काय उपयोग, पाइप बाहेर आला पाहिजे.

पुढून असेल तर इंजिन थंड असताना स्टार्ट करून टकटक ऐका, गरम झाल्यावर कमी होते. या एल24 इंजिनात मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या जोडाचा) सगळ्यात मागचा स्टड, म्हणजे तो आवळून धरणारा बोल्ट, तुटणं हा जुना रोग आहे. आणि जळक्या तेलाचा वास येत असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट, तेल थेट गरम मॅनिफोल्डवर ठिबकतं.

"कार्बोरेटर लीन करा." अहो, आधी चोक सोडल्यावर दोन्ही कार्बोरेटरचे नॉझल (पेट्रोल सोडणाऱ्या नळ्या) पूर्ण वर परततायत का ते बघा, एक जरी खाली अडकला तरी त्या कार्बोरेटरवरचे तीन सिलिंडर रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर चालणार आणि तुम्ही मिश्रणाचा नट फिरवत बसणार. नटाची सुरुवात पूर्ण वरून साधारण अडीच फेऱ्या खाली. वासाला घाबरून फार लीन केलं तर मिसफायर होतो (सिलिंडरमध्ये मधूनमधून जाळच होत नाही), न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं आणि डोळे आणखी चुरचुरतात, वर इंजिन तापतं ते वेगळंच.

आणि शेवटचा, "वास कमी, डोकं दुखत नाही, म्हणजे ठीक." इथे मात्र मस्करी नाही. धुरातला विषारी वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासच नसतो, वास येतो तो सोबतच्या बाकीच्या गोष्टींचा, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवायचा नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. घरातला मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत ठेवून भागत नाही, अमेरिकेतल्या स्टँडर्डप्रमाणे 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70) तो वाजायला एक ते चार तास घेऊ शकतो, तोपर्यंत तुम्ही पोचलेलेसुद्धा असता. कमी आकडे लगेच दाखवणारा मीटर घ्या. कोरोनात घेतलेला बोटावरचा ऑक्सिमीटर तर अजिबात लावून बघू नका, तो मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतो आणि आरामात 98 दाखवतो. गाडीत डोकं जड झालं, मळमळलं तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, बाहेर मोकळ्या हवेत या, एकट्याने पुढे चालवू नका, आणि दवाखान्यात "मी गाडीच्या धुरात होतो" हे आधी सांगा, कारण त्याची रक्ताची तपासणी वेगळी असते आणि सांगितल्याशिवाय ती बहुतेक वेळा होत नाही.