करारात पंखे मोजले, गॅसचं काय?

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत एकच वाद अजून मिटलेला नाही: पाइपचा गॅस घ्यायचा की सिलिंडरच ठेवायचे? इमारत चाळीस वर्षांची. "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग आता कशाला खर्च?" यावर प्रत्येक बैठक संपते, असं आई फोनवर सांगते. तोवर त्याच जुन्या नळीवर रोजचा स्वयंपाक चालूच असतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

इथे लीड्सला आम्ही आधी भाड्याच्या, शंभरी ओलांडलेल्या घरात राहायचो. दरवर्षी तंत्रज्ञ यायचा, बॉयलर आणि शेगडी तपासायचा, आणि तपासणीचा कागद आमच्या हातात पडायचा. ही घरमालकाची मेहेरबानी नव्हती. ब्रिटनच्या 1998 च्या नियमांनुसार दर बारा महिन्यांनी ही तपासणी त्याला करून घ्यावीच लागते. गॅस सेफ म्हणजे तिथली गॅसची कामं करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी; तंत्रज्ञाच्या त्या ओळखपत्रामागे त्याला कोणकोणती कामं करता येतात तेही लिहिलेलं असतं. आता स्वतःचं घर घेतलंय, तर अशी सक्ती नाही. मला हे पटत नाही. तपासणी मी तरीही करून घेते.

नवी इमारत म्हणजे निर्धास्त, असंही नाही. 1968 मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट या नव्याकोऱ्या 22 मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, चार माणसं गेली. कारण निघालं शेगडीच्या जोडणीतली एक सदोष पितळी नट.

म्हणून पाइप की सिलिंडर यापेक्षा जोडणी कोण बघतं, कधी बघतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली ट्रॉल्यांमागे साचतो. पाइपचा हलका, तो छताकडे जातो. खिडक्या बंद करून गॅलरी आत घेतलेल्या स्वयंपाकघरात दोन्ही कोंडतात. आणि बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड तर वासही देत नाही.

डोंबिवलीच्या त्याच इमारतीत आमचा दुसरा फ्लॅट भाड्याने दिलाय. करारात पंखे, ट्यूबलाइट, गिझर सगळं मोजून लिहिलंय. पाच वर्षांनी बदलायची सुरक्षा नळी शेवटची कधी बदलली, ते कुठेच नाही. घरमालक आम्हीच आहोत, तेव्हा ही चूकही आमचीच. पुढच्या महिन्यात करार नव्याने होतोय. नळीची तारीख त्यात घालायला आणि गिझर बाथरूमबाहेर काढून घ्यायला मी दादाला सांगितलंय. खर्च आम्ही करू.